कानाच्या शिरेतला थेंब

सप्टेंबरचा दुसरा आठवडा. धान गर्भात आलेलं, बांध्यांमध्ये पाणी भरलेलं, आणि सकाळी सव्वासहाला वनरक्षकदादांचा फोन. "मॅडम, बोडीजवळ आणखी एक चितळ पडलं हाय. हा तिसरा. पाण्यात कोणी काही टाकलं असन का?"

मी तेव्हा परोपजीवीशास्त्रात एम.व्ही.एस्सी. करत होते. प्रबंधाचा विषय होता पूर्व विदर्भातल्या रानातल्या हरणांच्या रक्तातले आदिजीव. थायलेरिया, बबेसिया, ट्रिपॅनोसोमा अशी एकपेशीय जंतूंची मंडळी. विषय ऐकायला सोपा वाटतो. गायीचं रक्त काढतात तसं हरणाचं काढायचं, काचेवर पसरायचं आणि पाहायचं. पण रानातलं चितळ धरून रक्त काढता येत नाही. धरलेलं चितळ भीतीने इतकं झटापट करतं की त्याचे स्नायू आतून झिजतात, आणि सोडून दिल्यावर चार-सहा दिवसांनीसुद्धा ते मरू शकतं. अभ्यासाच्या रक्तासाठी असा जीव घेणं मला कधीच पटलं नसतं, आणि परवानगीही तशी नव्हती. त्यामुळे माझ्यापर्यंत पोचणारं रक्त एकतर मेलेल्या जनावराचं, नाहीतर विहिरीतून, कालव्यातून, कुत्र्यांच्या तोंडून सोडवून आणलेल्या जनावराचं. त्यासाठीही वनविभागाचं पत्र लागतं. वन्यप्राण्याच्या रक्ताचा एक थेंबसुद्धा कागदाशिवाय हलवता येत नाही. ते पत्र हाती यायला सात महिने लागले होते, म्हणून दादांच्या फोनला मी कधी उशीर केला नाही.

पहिलं चितळ सापडलं तेव्हा सडून गेलं होतं. दुसऱ्याचं कोल्ह्या-कुत्र्यांनी काही ठेवलंच नव्हतं. हे तिसरं ताजं होतं. तीन-साडेतीन वर्षांचा नर, शिंगं चांगली फुटलेली, अंगावर मांस भरलेलं. खंगून मेलेलं जनावर असं दिसत नाही. पोट फुगलं होतं, नाकाशी फेस होता. मानेखालचा भाग मात्र गावकुत्र्यांनी पहाटेच फाडला होता, गळ्याच्या जागी नुसतं भगदाड. ही गोष्ट मी वहीत एका ओळीत लिहिली आणि पुढे गेले. त्या ओळीचं वजन मला दुसऱ्या दिवशी कळलं.

अचानक मेलेलं, फुगलेलं जनावर दिसलं की सुरी लावायच्या आधी कानाच्या शिरेतला थेंब तपासायचा, हा नियम आम्हाला पहिल्या वर्षापासून घोटून दिलेला आहे. कारण फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स. अँथ्रॅक्सने मेलेलं जनावर उघडलं की त्याचे जंतू हवेत बीजाणू धरतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. तिथे चरणारं प्रत्येक गुरू मग धोक्यात. म्हणून मी हातमोजे चढवले, कानाची शीर टोचली, काळपट रक्ताचा थेंब दोन काचांवर ओढला, आणि दादांच्या मोटरसायकलवरून नऊ किलोमीटरवरच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. काच दिव्यावर शेकली, मिथिलीन ब्लू ओतलं, धुतलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. अँथ्रॅक्सचे जंतू मोठे, चौकोनी टोकांचे, बांबूच्या पेरांसारखे एकाला एक लागलेले असतात. तसं काही नव्हतं. तालुक्याच्या डॉक्टरांनीही डोळा लावून पाहिलं. "नाही फाशी. चला, उघडू." काच मी डबीत ठेवून दिली. तिचं काम झालं असं मी धरून चालले.

शवविच्छेदन डॉक्टरांनी केलं, मी नमुने घेत गेले. हृदयाच्या पृष्ठभागावर पिसवा चावल्यासारखे लाल ठिपके होते. फुप्फुसं रक्ताने भरलेली. लसिका गाठी किंचित सुजलेल्या, कापल्यावर ओलसर. पाणथरी, म्हणजे प्लीहा, साधारण आकाराची. चौथं पोट उघडून धुऊन पाहिलं, अस्तर स्वच्छ होतं. कानांच्या आत आणि मांड्यांच्या बेचक्यात गोचीड होते, भरपूर. ते चिमट्याने काढून सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये टाकले, कारण कलेवर गार पडायला लागलं की गोचीड उतरून चालते होतात, नंतर शोधून सापडत नाहीत. हृदयातलं रक्त ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या नळीत घेतलं. पाणथरीचा आणि गाठीचा कापलेला तुकडा काचेवर हलकेच टेकवून ठसे घेतले. हृदयाचा आणि जिभेचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये. पोटातलं खाद्य, काळीज आणि मूत्रपिंड मिठाच्या संपृक्त द्रावणात, विषाच्या तपासणीसाठी न्यायसहायक प्रयोगशाळेकडे. सगळ्यात शेवटी पुढच्या पायाचं नळीचं हाड.

हाड हा आमच्या मॅडमचा, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांचा हट्ट. "बाकी सगळं सडतं, नळीतली मज्जा उशिरा सडते. आणायचंच." मला आदिजीव हवे होते आणि हाडाचा माझ्या प्रबंधाशी संबंध नव्हता. शिवाय कलेवराचा प्रत्येक भाग पंचनाम्यात मोजून जाळायचा असतो, त्यामुळे एक अख्खं हाड न्यायचं म्हणजे आणखी एक नोंद, आणखी सह्या. दादांनी काही न बोलता नोंद केली, हाड कपड्यात गुंडाळून माझ्या बर्फाच्या डब्यात ठेवलं. मग लाकडं रचली, डिझेल ओतलं, सगळ्यांच्या देखत ते चितळ जाळलं. ते जळून संपेपर्यंत तिथेच थांबायचं असतं. धूर बोडीवरून आडवा जात होता. पलीकडच्या काठावर गावची गुरं पाणी प्यायला उतरली होती.

संध्याकाळी प्रयोगशाळेत पोचले. मिथेनॉलमध्ये बुडवून वाळवलेल्या काचा गीम्साच्या रंगात ठेवल्या, तीस मिनिटं लावली. एव्हाना काय दिसेल याचे आडाखे मनात चालू झालेले असतात. हा धोका मला तेव्हा ठाऊक नव्हता.

पहिली काच तेलाच्या भिंगाखाली आणली आणि माझा श्वास अडकला. गोल तांबड्या पेशींच्या मधे लांबट, दोन्ही टोकांना निमुळते, किंचित वाकलेले आकार. एका क्षेत्रात सात-आठ. "सर्रा!" मी मोठ्याने म्हणाले. शेजारच्या टेबलावरची ज्युनियर धावत आली.

सर्रा म्हणजे ट्रिपॅनोसोमा इव्हान्सायचा आजार. घोडे, उंट, गायी-म्हशी, कुत्री, हरणं, कोणालाही होतो; डासासारख्या नव्हे, जाड चावणाऱ्या मोठ्या माशांमधून पसरतो. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाला डेरा इस्माईल खानात घोड्या-उंटांच्या रक्तात हा जंतू सापडला, म्हणून हे नाव. आमच्या भागात हे नाव जरा जास्तच गंभीरपणे घेतलं जातं. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला होता. माणसाला ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय होत नाही असंच तोवर समजलं जायचं. सुरामिन देऊन तो माणूस बरा झाला. त्याच्या रक्तात हा जंतू मारणारं एक प्रथिन, एपीओएल-१, जन्मतःच कामाचं नव्हतं, हे २००६ मध्ये उलगडलं. पण त्या एका माणसामुळे आमच्या पिढीच्या पशुवैद्यकांना हातमोज्यांची सवय लागली. त्यामुळे त्या रात्री मला काय वाटलं असेल ते समजून घ्या.

मॅडमना फोन केला. त्या आल्या, बसल्या, पाहिलं. मग उठून मला खुर्चीवर बसवलं. "केंद्रक दाखव."

मी शोधलं. ट्रिपॅनोसोमाच्या मधोमध जांभळं केंद्रक असतं, मागच्या टोकाशी ठिपक्याएवढं कायनेटोप्लास्ट, कडेने लाटेसारखा पडदा, पुढे शेपटी. माझ्या सात-आठ आकारांपैकी एकातही काही नव्हतं. सगळे सपाट गुलाबी. बाजूच्या तांबड्या पेशींचा जो रंग, तोच त्यांचा.

"या तांबड्या पेशीच आहेत," मॅडम म्हणाल्या. "हरणाचं रक्त पहिल्यांदा पाहतेस ना?"

हरणांच्या बऱ्याच जातींच्या तांबड्या पेशी शरीराबाहेर आल्यावर कोयत्यासारख्या वळतात. जॉर्ज गलिव्हर नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने १८४० मध्ये हे नोंदवलं होतं, माणसातला सिकलसेल वैद्यकाला माहीत होण्याच्या सत्तर वर्षं आधी. विदर्भात सिकलसेल म्हणजे पुस्तकातला शब्द नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी दर पावसाळ्यात हातापायांच्या कळांनी दवाखान्यात असायची. माणसात प्राणवायू कमी पडला की पेशी वळतात आणि बारीक शिरा तुंबतात. हरणात उलटं: रक्ताला हवा लागली, प्राणवायू वाढला की पेशी वळतात आणि जनावराला त्याचा काही त्रास होत नाही. दोन्ही ठिकाणी मुळाशी हिमोग्लोबिनच, फक्त बदल वेगळ्या जागी. हे ऐकून मी परत भिंगाला डोळा लावला आणि त्या गुलाबी कोयत्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. इतक्या जवळून पाहिलेली ती पहिलीच गोष्ट, जी दिसत होती तशी अजिबात नव्हती.

मग खरं काम सुरू झालं. एकेक क्षेत्र, एकेक पेशी. रात्री साडेदहाच्या सुमारास पेशींच्या आत बारीक आकार दिसायला लागले. एक स्वल्पविराम, एक अंगठी, एक काडी. एक-दोन मायक्रॉनचे, निळसर गर आणि एका टोकाला जांभळा ठिपका. रंगाचा साका नव्हे, कारण साका पेशीच्या वरच्या पातळीत असतो, भिंग खालीवर केलं की पेशी धूसर होते आणि तो ठळक होतो. हे पेशीबरोबरच ठळक, पेशीबरोबरच धूसर. रक्तबिंबिका पेशीवर बसली तर भोवती फिकट कडं दिसतं, तेही नव्हतं. बबेसिया म्हणावं तर नासपतीच्या आकाराच्या जोड्या कुठेच नाहीत. थायलेरिया. यावेळी मॅडमनीही मान डोलावली.

माझ्या डोक्यात चित्र जुळलं. गोचीड भरपूर, हृदयावर रक्ताचे ठिपके, गाठी सुजलेल्या, रक्तात गोचिडांमधूनच पसरणारा थायलेरिया. संकरित गायी थायलेरियाने कशा पटापट मरतात ते मी लहानपणापासून गावात पाहिलेलं. रात्री अकरा वाजता मी दादांना फोन करून सांगितलं, "गोचिडीच्या तापासारखं दिसतंय." मॅडमना विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी तळमळीने गावातल्या गुरांवर गोचीडनाशकाची फवारणी लावली. माणसं, पंप, औषध, सगळं दोन दिवस त्यातच गुंतलं.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी माझी काच पुन्हा मागितली. "किती टक्के पेशींत आहे?"

मी मोजलं. एक हजार पेशींत चार.

"०.४. गाठीच्या ठशात कॉखचे निळे पिंड?"

थायलेरिया आधी पांढऱ्या पेशींत वाढतो, तिथे त्याचे निळसर गोळे दिसतात, त्यांना कॉखचे निळे पिंड म्हणतात. थायलेरियाने जनावर असं पटकन मरतं तेव्हा गाठीत ते सहसा दिसतात. मी तीन काचा पालथ्या घातल्या होत्या. नव्हते.

"चौथ्या पोटात व्रण?"

नाही. अस्तर मी स्वतः धुऊन पाहिलं होतं.

"श्लेष्मल त्वचा फिकट? कावीळ? जनावर खंगलेलं?"

नाही. नाही. नाही.

"मग हा थायलेरिया त्याच्या रक्तात होता एवढंच तुला माहीत आहे. गेल्या वर्षीही असेल. रानातली कितीतरी हरणं हा जंतू अंगावर घेऊन निवांत चरतात. हजारो वर्षांची सोबत आहे त्यांची. तू त्याला मारेकरी कशावरून ठरवलंस?"

मला उत्तर देता आलं नाही. मग त्या म्हणाल्या, "तू पेशींच्या आत पाहिलंस. पेशींच्या मधे काय आहे?"

हे वाक्य मी आजही काच लावताना मनात म्हणते. पेशींच्या मधे बारीक काड्या होत्या. अगदी बारीक, आणि दोन्ही टोकं रंगलेली, मध मोकळा. बंद केलेल्या सेफ्टी पिनेसारख्या. आदल्या रात्री माझ्या नजरेने त्या शंभर वेळा ओलांडल्या असतील. मला आदिजीव हवे होते, म्हणून बाकी सगळं मला कचरा वाटलं. मी डबीतून कानाच्या शिरेतल्या थेंबाची पहिल्या दिवशीची काच काढली. मिथिलीन ब्लूमध्ये तर दोन टोकांची ही ठेवण अधिकच ठळक दिसते. होत्या. भरपूर होत्या. दवाखान्यात मी मोठे बांबू शोधत होते, छोट्या पिनांकडे पाहिलंच नव्हतं.

पाश्चुरेला. गळघोटू, म्हणजे घटसर्प. पावसाळ्यात गायी-म्हशींना होतो, गळा सुजतो, श्वास घरघरतो, दिवसाच्या आत जनावर जातं. हरणांनाही होतो. त्या चितळाचा गळा सुजला असेल की नाही हे पाहायला गळाच राहिला नव्हता. वहीतली ती एक ओळ मी उघडून पुन्हा वाचली.

सडायला लागलेल्या रक्तात इतर जंतूही शिरतात आणि असेच दिसू शकतात, म्हणून नुसत्या काचेवर घटसर्प म्हणायचं नव्हतं. इथे हाड कामाला आलं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागात नळी बाहेरून जाळून निर्जंतुक केली, तोडली, आतली लाल मज्जा रक्ताच्या आगरावर रेघली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटलीवर दवबिंदूंसारख्या करड्या, चकचकीत वसाहती उगवल्या होत्या, भोवतीचं रक्त न विरघळवता. मॅकॉन्की या दुसऱ्या माध्यमाच्या ताटलीवर काहीच नाही. हे त्याचं ओळखीचं वागणं. त्यानंतर डीएनए ओळखणाऱ्या पीसीआर चाचणीनेही पाश्चुरेला मल्टोसिडाच असल्याचं सांगितलं.

त्याच दुपारी पत्र गेलं, फोन गेले. बोडीभोवतीच्या गावांतल्या गुरांना घटसर्पाची लस टोचायला सुरुवात झाली. ही लस खरं तर पावसाच्या आधी टोचायची असते. तिथे यंदा बरीच गुरं राहून गेली होती. त्या आठवड्यात आणखी दोन चितळं आणि एक म्हैस गेली. मग थांबलं. विषाचा अहवाल पुढे दोन महिन्यांनी आला, विष नव्हतं. ते दोन दिवस, जे माझ्या रात्रीच्या फोनमुळे फवारणीत गेले, ते मी माझ्या नावावर धरते. म्हैस ज्यांची होती त्यांच्या घरी मी गेले होते. त्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही पाहिलं तरी ना बाई." मला त्याने बरं वाटलं नाही, वाटायला नकोच होतं.

थायलेरियाचं काय झालं? तो प्रबंधात गेला, पण त्याच्या योग्य जागी. रक्तातून डीएनए काढला, पीसीआरने १८-एस जनुकाचा तुकडा वाढवला, जेलवर पट्टी उमटली, म्हणजे जंतूचा डीएनए तिथे होता. गायींना मारणारा जो थायलेरिया अ‍ॅन्युलाटा, त्याच्यासाठीच्या खास प्रायमरना, म्हणजे नेमका त्याचाच डीएनए शोधणाऱ्या तुकड्यांना, मात्र काही लागलं नाही. तुकड्याची अक्षरं वाचायला बाहेर पाठवली, तीन आठवड्यांनी उत्तर आलं: हरणांमध्ये सापडणाऱ्या थायलेरियांच्या जवळचा. म्हणजे त्या चितळाचा स्वतःचाच जुना सोबती. पुढच्या वर्षभरात माझ्याकडे आलेल्या रक्तांपैकी कित्येकांत काचेवर काही दिसलं नाही आणि पीसीआरमध्ये पट्टी आली. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणात हिवतापाच्या कुळातला जंतू १९६७ मध्ये एकदा दिसला आणि जवळजवळ विसरला गेला; २०१६ मध्ये पक्ष्यांचा हिवताप शोधणाऱ्या संशोधकांना डीएनएमुळे तो पुन्हा सापडला, तोही बऱ्याच हरणांत. रक्तात तो इतका विरळ असतो की काचेवर नजरेला पडणं कठीण. काचेवर न दिसणं म्हणजे नसणं नाही, आणि पट्टी उमटणं म्हणजे आजार नाही. ही दोन्ही वाक्यं मी प्रबंधाच्या चर्चेत लिहिली आणि परीक्षकांनी ती ठेवायला लावली.

हृदयाच्या फॉर्मॅलिनमधल्या तुकड्याचीही एक गोष्ट आहे. त्याचे पातळ काप करून रंगवले तेव्हा स्नायूंच्या तंतूंमध्ये लांबट पिशव्या दिसल्या, आत बारीक चंद्रकोरी ठासून भरलेल्या. सार्कोसिस्टिस. पिशवीभोवती एकही दाहपेशी नाही. स्नायूला जणू पाहुण्याची खबरच नव्हती. हा जंतू चितळात वाढतो आणि चितळाचं मांस खाणाऱ्या रानकुत्र्याच्या आतड्यात आपलं उरलेलं आयुष्य पुरं करतो, त्याच्या विष्ठेतून गवतावर आणि गवतातून पुन्हा चितळात. या चक्रावर पुण्याच्या मिलिंद वाटवे यांच्या गटाचा शोधनिबंध २००५ मध्ये आला होता. मी तो विद्यार्थीदशेत वाचला होता, पण भिंगाखाली स्वतःच्या हाताने कापलेल्या हृदयात ती पिशवी पाहिली तेव्हा शिकारी आणि शिकार यांच्यामधली ही तिसरी वस्ती मला पहिल्यांदा खरी वाटली. तिथेही मॅडमचा प्रश्न तोच होता. मेलं ते यामुळे? नाही.

नोव्हेंबरात सांबराची मादी आली. कठडा नसलेल्या विहिरीत पडलेली, दोरखंड आणि जाळं लावून वर काढलेली. आमच्या भागातल्या एका उपचार केंद्रात तिला ठेवलं होतं. जखमा भरत होत्या, पण ती खात नव्हती. ताप एक दिवस चढायचा, दोन दिवस उतरायचा, पुन्हा चढायचा. जबड्याखाली सूज आली. पाचव्या दिवशी ती पिंजऱ्यात एकाच अंगाने गोल फिरायला लागली. पावसाळा सरून गेला होता, पण तिथल्या तलावाकाठी मोठ्या चावऱ्या माशा अजून होत्या. शेजारी बांधलेल्या बैलांच्या अंगावर रक्ताचे ओघळ दिसायचे.

जखमेची पट्टी बदलायला तिला झायलाझिनने गुंगी दिली, तेवढ्यात मी कानाच्या शिरेतून थेंब घेतला. यावेळी रंग नाही, काही नाही. ताजा थेंब, वर झाकणकाच, चाळीसच्या भिंगाखाली, जागच्या जागी. ट्रिपॅनोसोमा जिवंत असतानाच पाहावा लागतो. जनावर मेलं की काही तासांत तो रक्तातून नाहीसा होतो. चितळाच्या वेळी माझं "सर्रा" खरं असतं, तरी एवढ्या उशिरा तो तिथे दिसणं अवघडच होतं, हेही मला नंतर कळलं होतं.

पाच मिनिटं काही नाही. पेशी हळूहळू कोयत्यासारख्या वळत होत्या. या खेपेला मी त्यांना ओळखत होते. मग एका कोपऱ्यात पेशींचा पुंजका हलला. तळ्यात मासा वळला की वरचं शेवाळ कसं थरथरतं, तसा. पेशी दोन्ही बाजूंना ढकलल्या गेल्या आणि त्यांच्यामधून काहीतरी पारदर्शक, लवलवतं वळवळत गेलं. पुन्हा आलं. पेशीला धडकलं, वळसा घातला, निघून गेलं.

मी ओरडले नाही. दुसरा थेंब घेतला. त्यातही होतं. एक काच पातळ पसरून वाळवली, गीम्सात ठेवली, अर्धा तास थांबले. केंद्रक होतं. मागच्या टोकाला कायनेटोप्लास्टचा ठिपका होता. पडद्याच्या लाटा मोजता येत होत्या. मग पेशींच्या मधे पाहिलं, पांढऱ्या पेशी पाहिल्या, पिना शोधल्या. त्या नव्हत्या. ताप होता, सूज होती, फिरणं होतं, तांबड्या पेशींचं प्रमाण घसरलेलं होतं आणि रक्त जंतूंनी भरलेलं होतं. यावेळी सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं. तेव्हा मॅडमना फोन लावला.

"केंद्रक?"

"आहे."

"कायनेटोप्लास्ट?"

"आहे."

"आणखी काय शोधलंस?"

मी सांगितलं. त्या थोडं थांबल्या. "दे औषध."

क्विनापायरामीन कातडीखाली टोचलं. पिंजऱ्याभोवती जाळी लावली, शेजारच्या बैलांचंही रक्त तपासलं. त्यातल्या एकात जंतू होता, बैल मात्र दिसायला ठणठणीत. त्यालाही औषध दिलं. पिंजरा साफ करणाऱ्या मावशींना हातमोजे का घालायचे ते चंद्रपूरच्या त्या शेतकऱ्याची गोष्ट सांगून समजावलं. त्यांनी त्या दिवसापासून एकदाही हातमोज्यांशिवाय आत पाय ठेवला नाही. चौथ्या दिवशी सांबराने वडाची कोवळी पानं खाल्ली. मावशींनीच पहिल्यांदा पाहिलं, मला हाक मारली.

सोडायची घाई कोणी केली नाही. जंतू अंगात लपून राहिला असता तर रानात माशांना नवं आगर मिळालं असतं. रक्त फिरवून पांढऱ्या पेशींचा जो पातळ थर वर येतो, त्यात हा जंतू गोळा होतो. तो थर आम्ही दर आठवड्याला पाहिला, महिन्याभराने पीसीआर केला. पट्टी आली नाही.

सोडायच्या दिवशी पहाटे गाडी केंद्राच्या आवारात उभी होती. थंडी होती, धुकं तलावावरून वर चढत होतं. गुंगीचं औषध देऊन तिला पेटीत चढवायच्या आधी मी कानाच्या शिरेतून शेवटचा थेंब घेतला. वनरक्षकदादाही आले होते, माझ्या मागे उभे. झाकणकाच ठेवली, चाळीसचं भिंग लावलं. पेशी हळूहळू वळायला लागल्या. पंधरा मिनिटं पाहिलं. काही हललं नाही.

"सोडायचं ना मॅडम?" दादांनी विचारलं.

"थांबा," मी म्हणाले, आणि दुसरा थेंब काचेवर घेतला.